कराच्या दिवशीच्या ताटल्या

शुक्रवारी सकाळी साडेआठला शाल्मली निकमने प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, तेव्हा तिच्या डोक्यात एकच काम होतं. सोमवारपासून उबपेटीत पडून राहिलेल्या ताटल्या बाहेर काढायच्या, वाफेच्या कुकरमध्ये टाकायच्या आणि पेटी पुसून घ्यायची. पंधरा मिनिटांत उरकेल, मग चहा.

ताटल्या म्हणजे पेट्री डिश. 'तिळवण' महिला संस्थेतल्या सेहेचाळीस बायकांनी त्यांना पहिल्या दिवसापासून ताटल्याच म्हटलं, आणि वर्षभरात शाल्मलीही म्हणू लागली. तिळाचा प्रत्येक लॉट आला की त्यातले चिमूटभर तीळ कुटून ताटलीतल्या, जिवाणू वाढवणाऱ्या लाल खळीवर पसरायचे, दोन दिवसांनी बघायचं, 'काही नाही' असं लिहायचं आणि फेकून द्यायचं. जुन्या नियमांतला हा उपचार, कोणी काढून टाकला नाही म्हणून उरलेला. यंदा हंगामाच्या घाईत ते मागे पडलं, हलव्याच्या पुड्या रवाना झाल्यावर सोमवारी संध्याकाळी ताटल्या ठेवल्या आणि मंगळवारी भोगी, बुधवारी संक्रांत, गुरुवारी कर, म्हणजे किंक्रांत. कराच्या दिवशी कराडच्या पंचक्रोशीत कोणी कामाला हात लावत नाही. गेल्या वीस वर्षांत इथल्या बऱ्याच प्रथा गेल्या, पण सुट्टी देणारी प्रथा कोण सोडतो! त्यामुळे दोन दिवसांच्या ताटल्या चार रात्री पेटीत राहिल्या.

आठांपैकी पाच ताटल्या कोऱ्या होत्या. उरलेल्या तिन्हींवर लाल खळीत मोहरीएवढे काळे ठिपके होते.

शाल्मलीने त्या उजेडात धरल्या, खाली ठेवल्या आणि पुन्हा उचलल्या. कडेवरचे आकडे वाचले. तिन्ही ताटल्या एकाच लॉटच्या, एकतीस नंबरच्या. चहाचं ती विसरलीच.

तिला एवढी धडकी का भरली हे कळायला थोडं मागे जायला हवं. साल्मोनेला नावाचा जिवाणू ओल्या अन्नात असला तर त्याला मारणं सोपं असतं. दूध उकळलं की तो संपला. तोच सुक्या तिळावर बसला की त्याचं रूप पालटतं. पाणी नाही हे कळताच तो आपला सगळा कारभार बंद करतो, अंग आवळून घेतो आणि झोपी जातो. वरून तिळातलं तेल त्याच्यावर गोधडीसारखं पांघरूण घालतं. अशा झोपलेल्या जिवाणूचं कोरडी आच फारसं काही बिघडवू शकत नाही. महिनेच्या महिने तो तसाच पडून राहतो आणि एखाद्या पोराच्या ओल्या आतड्यात पोचला की उठून बसतो. तीळ सरळ वाफवून का घेत नाहीत, असं शहरातले पाहुणे हमखास विचारत. वाफवलेला तीळ पिवळा पडतो, त्याला तेल सुटतं आणि मग त्यावर पाक चढत नाही. संक्रांतीच्या काटेरी हलव्याला तीळ कच्चा आणि पांढराशुभ्रच लागतो. मंद शेगडीवर परात ठेवायची, चमचाचमचा पाक सोडायचा, बोटांनी अखंड फिरवत राहायचं, तेव्हा कुठे चौथ्या-पाचव्या दिवशी दाण्यावर काटे उभे राहतात. त्या आचेने जिवाणू मरत नाही, उलट त्याला उबदार वाटत असावं.

नऊ वर्षांपूर्वी 'जागर' आला आणि हे कोडं सुटलं. ओल आली की जिवाणूला ती एका बारीकशा रेणूवरून कळते, हे शास्त्रज्ञांना सापडलं. मग त्यांनी तो रेणूच बनवला. बंद पिंपात तीळ भरायचे, त्यावर जागरची वाफ सोडायची. झोपलेल्या जिवाणूला वाटतं, पाणी आलं. तो कोष सोडून उठतो, कारभार सुरू करतो, आणि पाणी तर नसतंच. अशा उघड्या पडलेल्याला मग वीस मिनिटांची कोमट हवाही पुरते. तीळ पांढरे ते पांढरेच राहतात. लगेच दुसरं यंत्रही निघालं, 'दीप'. तिळाच्या नमुन्यावर जागर सोडायचा, जो उठेल तो चमकतो, दीप ते चमकणारे ठिपके मोजतो. चार दिवसांची तपासणी पाऊण तासावर आली. जिल्ह्यात हे सगळं पहिल्यांदा बसवलं ते तिळवणमध्ये, शाल्मलीने. त्याबद्दल तिला शाल, श्रीफळ आणि मंत्र्यांसोबतचा एक फोटो मिळाला होता.

आता त्या तीन ताटल्यांसमोर बसून तिला जे दिसलं ते इतकं साधं होतं की स्वतःचीच लाज वाटली. मारणारं यंत्र आणि मोजणारं यंत्र, दोन्ही एकाच हाकेवर चालत होती. हाक मारल्यावर जो उठतो तो मरतो आणि उठतो तोच मोजला जातो. पण प्रत्येक घरात हाका मारूनही न उठणारा एखादा असतोच. कोटीत एक का होईना, असा जिवाणू पहिल्या वर्षीही होता. तो वाचला. कोठाराच्या कुठल्यातरी भेगेत पडून राहिला, पावसाळ्यात भिंतीला ओल आली तेव्हा सावकाश उठला, वाढला आणि आपल्यासारखीच गाढ झोपणारी संतती सोडून पुन्हा झोपला. नऊ हंगाम उठणाऱ्यांना मारून आपण न उठणाऱ्यांची पैदास केली, आणि दीप दर वेळी शून्य दाखवत राहिला. दोन दिवसांत ताटली फेकली जायची, त्यामुळे चौथ्या दिवशी उठणारा कधी दिसलाच नाही.

ताटल्या दोन दिवसांत फेकायला हरकत नाही, असं इथल्या कार्यपद्धतीत लिहिणारीही शाल्मलीच होती.

एकतीस नंबरच्या लॉटचं काय झालं हे तिला पाठ होतं. बोरनहाणाच्या पुड्या. अकराशे चाळीस. संक्रांतीनंतर लहान मुलांना पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे आणि हलवा ओततात, आणि जमलेली पोरं जमिनीवरून वेचून खात सुटतात. यंदा बहुतेक घरांनी त्यासाठी रविवार धरला होता. सुट्टीचा दिवस, पाहुणे येतात. एका पुडीमागे दहा पोरं धरली तरी अकरा हजार होतात, आणि त्यातली निम्मी पाच वर्षांच्या आतली.

तिने काळ्या ठिपक्यातला कण उचलून जनुकवाचकात सोडला. तीन तासांनी पडद्यावर अक्षरं आली: साल्मोनेला. खात्री नव्याण्णव टक्के. खाली नेहमीचा प्रश्न आला, जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचं का? तिने हो म्हटलं. बारा वर्षांपूर्वी तिळवणच्या हलव्यात सापडलेल्या जिवाणूचा नमुना राज्याच्या संग्रहात होता. उत्तर लगेच आलं: जुळत नाही.

तिने जिल्ह्याच्या अन्न कार्यालयात फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, दीपचा आकडा किती आहे?"

"शून्य. पण मी तेच सांगतेय, दीपला हे दिसतच नाहीत."

"अठ्ठेचाळीस तासांवरची ताटली ग्राह्य धरता येत नाही हो. पेटी चार दिवस बंद होती म्हणता. बाहेरचं काही शिरलं असेल."

"तिन्ही ताटल्या एकाच लॉटच्या आहेत."

"नवा नमुना लावा ना. पाच दिवसांनी परत उगवलं तर मी स्वतः येतो. तोवर संस्थेला वाटलं तर संस्था आपल्या अधिकारात लाल निरोप देऊ शकते. अध्यक्षांचा अंगठा घ्या."

पाच दिवसांनी बुधवार येत होता. शाल्मलीने फोन ठेवला आणि जिना उतरून हलवाघरात गेली.

अध्यक्ष म्हणजे कलावती शेवाळे. सगळ्यांची कलामावशी. वय चौसष्ट, अंगाने सडपातळ, आवाज मात्र शेगड्यांच्या दोन्ही रांगांना पुरेल एवढा. दोन्ही हातांत पांढरे पातळ मोजे. हे मोजे ती बारा वर्षं कामाच्या वेळी कधी काढत नव्हती, आणि परातीत तर मोजे घालूनसुद्धा हात घालत नव्हती. ज्या बाईच्या हलव्याचे काटे बघायला पुण्याहून माणसं यायची, ती आता परातीपासून हातभर लांब उभी राहून इतरांना शिकवायची.

"आलीस? च्या घेतलास का?"

"मावशी, लाल निरोप द्यायला लागेल. लॉट एकतीस. आत्ता."

लाल निरोप म्हणजे त्या लॉटची पुडी घेतलेल्या प्रत्येक माणसाचा फोन लाल होऊन वाजू लागतो, आणि 'वाचलं' असं दाबेपर्यंत थांबत नाही. तिळवणने तो आजवर एकदाही दिला नव्हता.

मावशी तिला घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत गेली. शाल्मलीने ताटल्या दाखवल्या, हाक आणि न उठणारे समजावून सांगितले, हातातल्या पडद्यावर साल्मोनेलाचा निकाल दाखवला.

"दीप काय म्हणतोय?" मावशीने विचारलं.

"शून्य."

"मग?"

"मावशी, दीप आंधळा आहे असंच मी सांगतेय ना!"

"चार दिस बंद पेटीत ठिवल्यावर कशावरबी बुरशी धरती गं."

"ही बुरशी नाही. साल्मोनेला आहे. वाचकाने सांगितलंय."

"तेबी यंत्रच. एक यंत्र म्हणतंय हाय, एक म्हणतंय न्हाई." मावशी खुर्चीत बसली. "नऊ वर्सांत आपल्या हलव्यानं एक पोर आजारी पडलं का? सांग. तूच आणलास जागर. तूच आमाला बसवून शिकवलंस, का आता हातावर काय न्हाई, समदं यंत्रावर हाय. यंत्राला हात नसत्यात, शाल्मली. म्हणून इस्वास ठिवला मी त्याच्यावर."

"आणि उद्या-परवा पोरं आजारी पडली तर?"

"न्हाई पडायची. न्हाई देत मी अंगठा. बुधवारी उगवू दे परत, मग बघू."

मावशी हट्टी होती म्हणून नाही म्हणाली, असं नव्हे. शाल्मलीला ते माहीत होतं, आणि म्हणूनच तिचा जीव वरखाली होत होता. बारा वर्षांपूर्वी, जागर यायच्या आधी, तिळवणच्या हलव्याने नऊ मुलं आजारी पडली होती. त्यातली मोकाशांची सई, अडीच वर्षांची, वाचली नाही. मोकाशांचं घर मावशीच्या घराला लागून. दोष तिळाचा होता की आणखी कशाचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. पण त्या आठवड्यात मावशीचं पोट बिघडलेलं होतं. हलवा चढवायला घेतला की मध्येच सोडता येत नाही, काटे मोडतात, म्हणून ती दहीभात खाऊन दोन दिवस तशीच परातीवर बसली होती. हे तिने एका शाल्मलीला सांगितलं होतं, एकदाच, आणि सांगताना हात पदराखाली धरले होते. जागर आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. तीळ शुद्ध, परातीपाशी मोजे, बाकी सगळं यंत्र बघणार. यंत्र चुकतं म्हटलं की तिच्यासाठी सगळं परत हातापाशी येऊन थांबत होतं.

घड्याळात पावणेदोन झाले होते. शाल्मलीच्या डोळ्यांपुढे रविवारची संध्याकाळ होती, जमिनीवर वाकलेली पोरं होती. तिने विचार केला नाही. निदान पुढे तिने स्वतःला तसंच सांगितलं.

"मावशी, मी आणखी एक तपासलं. बारा वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी ताडून बघितलं."

मावशीने मान वर केली.

"जुळलं. तोच जिवाणू आहे. तेव्हापासून आपल्या कोठारात आहे तो, भिंतीच्या भेगेत. तो तिळातून गेला, मावशी. तुमच्या हातातून नाही."

खोलीबाहेर शेगड्यांवर पराती सरकल्याचा आवाज येत होता. मावशी खुर्चीत पुढे सरकली.

"परत सांग."

"तुमचा हात नव्हता."

मावशीने उजव्या हाताचा मोजा काढायला घेतला. एकेक बोट ओढत, सावकाश. आतला तळहात घामाने पांढरा पडला होता, सुरकुतला होता. तिने अंगठा लुगड्याला पुसला आणि पडद्यावर टेकवला. पडदा लाल झाला. मग तिने डाव्या हाताचाही मोजा काढला आणि दोन्ही मोजे टेबलावर ठेवले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

शाल्मलीला वाटलं होतं की सुटल्यासारखं वाटेल. तिने ताटल्या गोळा केल्या आणि मावशीकडे न बघता ती बाहेर पडली.

पुढचे दोन दिवस श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चारशे पुड्या परत आल्या, काही दुकानांतून, काही मोटरसायकलवरून, काही शिव्यांसकट. शाल्मलीने अंगणात पत्र्याच्या शेडखाली क्लोरीनच्या पाण्याची पिंपं मांडली. आलेली पुडी फोडायची, हलवा पाण्यात ओतायचा, कागद जाळायचा. मोज्यांची आणि तोंडावरच्या पट्ट्यांची खोकी तिने स्वतः तिथे नेऊन ठेवली, बायकांना दोनदा बजावलं आणि कोठाराच्या भिंती खरवडायला गेली. शनिवारी दुपारी पाटणहून डॉक्टरांचा फोन आला. तिथल्या एका घराने संक्रांतीलाच बोरनहाण उरकलं होतं. तीन मुलं जुलाब आणि तापाने दवाखान्यात होती, धोका टळला होता. पुडी एकतीस नंबरची. तासाभरात अन्न कार्यालयातून त्याच अधिकाऱ्याचा फोन आला. आता तो ताई म्हणत होता आणि बुधवारऐवजी आत्ताच निघालो म्हणत होता.

म्हणजे ती बरोबर होती. रविवारी दुपारी तीनपर्यंत अकराशे एकतीस पुड्यांचा पत्ता लागला. नऊ उरल्या. शाल्मली एकेका नंबरावर फोन करत राहिली. चारला चार उरल्या होत्या. पैकी एक गोव्याला गेलेली होती आणि बॅगेत बंद होती. हिशेब सांगायला ती शेडमध्ये आली.

मोज्यांची खोकी होती तशीच होती. वरची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती.

"पुड्या कुणी फोडल्या?" तिने पिंपं घासणाऱ्या रखमाबाईंना विचारलं.

"कलाक्कानं. समद्या. आमाला हातच लावू दिला न्हाई." रखमाबाई हसल्या. "उघड्या हातानं बसली हुती दोन दिस. म्हनली, माझं हात चांगलं हायती, मला काय हुतंय! अवं, गाणी म्हनत हुती, गाणी. बारा वर्सांत ऐकली न्हवती आमी."

"कुठे आहेत त्या?"

"मोकाशाकडं गेली. केतकीच्या बाळाचं बोरनहाण हाय न्हवं! काल जाऊन समदं सांगून आली तिला, त्ये जुळल्याचं. केतकीनंच बोलावलंय. बारा वर्सं तोंड बघत न्हवती त्या बाया एकमेकींचं."

शाल्मलीने मावशीला फोन लावला. तो शेडमधल्या खुंटीवरच्या पिशवीत वाजला. अकराशे पुड्यांचा भुगा त्या दोन हातांवरून, नखांतून, पदरावरून गेला होता. गाढ झोपलेला भुगा. तो कोरड्या हातावर तसाच बसून राहणार होता. आणि मोकाशांच्या घरात, जिथे बारा वर्षं तिळवणच्या हलव्याचा दाणा शिरला नव्हता, तिथे तो आता चालत गेला होता.

गाडी काढायला तेवढा वेळ नव्हता. ती पळत सुटली. मारुतीच्या देवळामागून बोळ, मग चिंचेचं झाड, मग मावशीचं बंद दार. शेजारच्या दारात वीसेक चपला होत्या, बहुतेक बोटभर लांबीच्या.

अंगणात पाट मांडला होता. पाटावर आठ महिन्यांचं बाळ काळं झबलं घालून बसलं होतं आणि मागून आजीने त्याला धरलं होतं. भोवती पोरांचं कडं. मावशी पाटाजवळ उकिडवी बसून परातीतली बोरं, करवे आणि चुरमुरे दोन्ही हातांनी कालवत होती. अंगावर सकाळचंच लुगडं होतं. समोर केतकी उभी होती, सईची आई. शाल्मलीने तिला एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"काकू, पहिली ओंजळ तुमची," केतकी म्हणत होती.

"मावशी, थांबा!"

सगळे वळले. मावशी हसली. "ये, ये. वेळेवर आलीस."

"ती परात खाली ठेवा. कुणीही काही उचलू नका. मावशी, तुम्ही पुड्या उघड्या हातांनी फोडल्यात?"

"हात धुतल्यात की मी."

"कशाने?"

"नळावर. पाण्यानं."

"साबण?"

मावशीचे हात परातीत थांबले. एका पोराने परातीतलं बोर उचललं होतं. शाल्मलीने त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि ते भोकाड पसरून रडू लागलं.

"काय चाललंय हे?" केतकीचा आवाज चढला. तिने बाळाला पाटावरून उचलून कडेवर घेतलं.

शाल्मलीने दोन वाक्यांत सांगितलं. परत आलेल्या पुड्या, हातावरचा भुगा, आता त्या परातीत कालवला गेलेला. ऐकता ऐकता केतकी दोन पावलं मागे गेली. मावशी अजून उकिडवीच होती. तिने दोन्ही तळहात वर करून बघितले.

"म्हंजे परत हातच की," ती म्हणाली. मग हळूहळू तिची मान वर आली. "शाल्मली, त्या टायमाचं जुळलंय म्हणालीस. त्ये खरं हाय न्हवं?"

हो म्हणणं अजूनही जमलं असतं. परात फेकली असती, साबण आणला असता, मावशीने हात धुतले असते आणि बोरनहाण पुढे सुरू झालं असतं. शाल्मलीने केतकीकडे पाहिलं. केतकी श्वास रोखून उभी होती. खोटं बोलून या बाईला बारा वर्षांनी आपण मावशीसाठी दार उघडायला लावलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "जुळलं नव्हतं."

मावशीने परत आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"म्हंजे माझाच हात हुता."

"तेही माहीत नाही, मावशी. हा जिवाणू तो नव्हे, एवढंच कळतं. तो कुठून आला होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी... मला तुमचा अंगठा हवा होता. मी खोटं बोलले."

मावशीने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अजून एकदा इचारायचं हुतंस गं," ती म्हणाली. "मी दिला असता. जरा येळ लागला असता मला, पण दिला असता."

मावशी गुडघ्यावर कोपर टेकून उठली, हात अंगापासून दूर धरून, कशालाही लागू नयेत असे. "येते मी, केतकी. पोरांना आत घे. परात जाळून टाक."

ती दारापर्यंत गेली.

"थांबा," केतकी म्हणाली.

तिने बाळ सासूच्या हातात दिलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातात साबणाची वडी. ती अंगणाच्या कडेच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिली.

"इकडे या. हात पुढे करा. पाणी मी घालते."

मावशी मुकाट्याने गेली, वाकली. केतकीने धार धरली. मावशीने साबण लावला, मनगटापर्यंत.

"कोपरापर्यंत," केतकी म्हणाली. "नखं पण."

मावशी नखं घासत राहिली. फेस मोरीतून वाहत होता. तिने केतकीकडे पाहिलं नाही. पाण्याच्या धारेकडे बघतच ती बोलली, आणि एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण शाल्मलीला कान द्यावा लागला.

"त्या हप्त्यात माझं पोट बिघडलं हुतं, केतकी. दोन दिस. मला ठावं हुतं. तरी बसले मी परातीवर. तुला कधी सांगितलं न्हाई."

धार थांबली. केतकी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. सासू बाळाला घेऊन उंबऱ्यात आली होती, तीही थांबली. मावशीचे साबण लावलेले हात मोरीवर तसेच पुढे धरलेले होते.

मग केतकीने तांब्या पुन्हा कलता केला.

"अजून एकदा साबण लावा," ती म्हणाली.